लिन्स्खोटेनची गोवा-चित्रे

डच प्रवासी यान हाउखेन व्हान लिन्स्खोटेन (१५६३–१६११) याच्या रेखाटनांवरून तयार झालेली गोव्याविषयीची ताम्रमुद्राचित्रे. लिन्स्खोटेन १५८३ मध्ये गोव्यात आला व आर्चबिशप व्हिसेंति द फोन्सेका यांचा चिटणीस म्हणून सुमारे पाच वर्षे राहिला. त्याची रेखाटने योआनेस व बाप्टिस्टा व्हान डोटेकुम यांनी ताम्रपटांवर उतरवली. ती १५९६ मध्ये आम्स्टरडॅमच्या कॉर्नेलिस क्लास याने इतिनेरारिओ या प्रवासवर्णनात छापली. डोटेकुम घराणे अम्लरेखनात उत्कीर्णनासारखी रेघ साधण्यासाठी प्रसिद्ध होते [→ अम्लरेखन, आरेख्यक कला].

सर्वांत गजबजलेले चित्र रुआ दिरैता या हमरस्त्यावरील बाजाराचे आहे : लिलावाची गर्दी, घोडेस्वार, पालख्या, छत्री धरणारे गुलाम. इतर चित्रांत ब्राह्मण, शेतकरी, व्यापारी, पोर्तुगीज स्त्रिया व सतीप्रसंग आहेत. शहराचा नकाशा बाप्टिस्टाने कोरला [→ गोवा, मांडवी नदी]. वेशभूषा व वाहने बारकाईने टिपली असली, तरी देहाची ठेवण युरोपीय आहे. देवमूर्ती तर सैतानचित्रांच्या वळणाने भेसूर काढल्या आहेत, त्यामुळे मूर्तिविज्ञानासाठी त्या विश्वसनीय नाहीत. सोळाव्या शतकातील गोव्याच्या नागरी जीवनाचे हे महत्त्वाचे दृश्यसाधन होय. ग्रंथाच्या इंग्रजी व जर्मन आवृत्त्या १५९८ मध्ये, तर लॅटिन आवृत्ती १५९९ मध्ये निघाली.