परभणीच्या जमिनीलाही येते भरती

समुद्रापासून सुमारे ४०० किलोमीटर दूर असलेल्या परभणीत भरती-ओहोटी दिसत नाही. मात्र मुंबईचा समुद्र ज्या ओढीने काही मीटर चढतो, तीच ओढ परभणीच्या जमिनीवरही कार्य करीत असते.

चंद्राचे आकर्षण पृथ्वीच्या त्याच्यासमोरील बाजूस अधिक, तर विरुद्ध बाजूस कमी असते. या फरकामुळे दोन्ही बाजूंना पाण्याचा फुगवटा निर्माण होतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने बहुतेक किनाऱ्यांवर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी भरती येते. तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केल्यास मुंबईतील भरतीची ढोबळ वेळ मिळते. उदाहरणार्थ, चतुर्थीला तीन वाजता.

अमावास्या व पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकत्र येऊन उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास या दोन ओढी काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती येते. भरतीच्या वेळी नाल्यांचे पाणी समुद्रात उतरू शकत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा दुपारच्या भरतीमुळे मुंबईतील पाण्याचा निचरा खोळंबला होता.

येलदरी धरणाचा जलाशय मोठा असला तरी महासागरापुढे नगण्य आहे. त्याच्या दोन टोकांवरील ओढीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही, त्यामुळे तेथे भरती दिसत नाही. जमीन मात्र दिवसातून दोनदा, कमाल सुमारे फूटभर वर-खाली होते. सारा परिसर एकत्रच उचलला जात असल्याने ही हालचाल कुणाला जाणवत नाही, केवळ सूक्ष्म उपकरणेच ती टिपतात.