खुर्चीची वंशावळ : नाशिकच्या वाड्यांतील जुन्या खुर्च्या आणि त्यांचे पूर्वज

१/ नाशिकला येणाऱ्या यात्रेकरूंच्या कुळांच्या नोंदी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या. पणजोबांचे नाव आणि मूळ गाव अशा वहीत सापडू शकते. त्याच कुळाच्या दिवाणखान्यातील खुर्चीची वही मात्र कोणी ठेवली नाही. तिची वंशावळ तिच्या लाकडातच शोधावी लागते.

२/ प्रथम शब्द. 'खुर्ची' हा अरबी 'कुर्सी'चा, फारसीमार्गे मराठीत रुळलेला शब्द. गोव्यातील कोंकणी 'कदेल' मात्र पोर्तुगीजांकडून आलेला. मराठी घराची आसने निराळी होती : पाट, चौरंग, गादी, लोड, तक्क्या.

३/ १७९० साली शनिवारवाड्यात सवाई माधवरावांच्या दरबारी इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट टिपूविरुद्धच्या तहासाठी उपस्थित झाला. थॉमस डॅनियलने पुढे रंगवलेल्या त्या प्रसंगाच्या प्रसिद्ध चित्रात इंग्रज पाहुणेही बैठकीवर, खालीच बसलेले दिसतात. आसनाची रीत तेव्हा यजमान ठरवीत असे.

४/ १८१८ नंतर यजमान बदलला. कचेरी आणि न्यायालय यांत साहेब खुर्चीवर व रयत उभी, अशी रचना आली. उत्तर हिंदुस्थानात तर साहेबाच्या भेटीत बसण्यास खुर्ची मिळण्याचा मान 'कुर्सीनशीन' म्हणून प्रमाणपत्राने दिला जाई. आज 'खुर्ची' म्हणजे सत्ता असे सहज म्हटले जाते, त्यामागे हा अनुभव आहे.

५/ जुन्या लाकडी खुर्च्यांची तीन मोठी घराणी ओळखता येतात. पहिले घराणे छावणीचे. १८६० च्या दशकात थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि नाशिकजवळचे देवळाली हे मुंबई बंदरातून ये-जा करणाऱ्या गोऱ्या फौजेचे मुक्कामाचे ठाणे बनले.

६/ फौजेला घडी होणारे, उंटावर लादता येणारे सामान लागे. रुरकीच्या लष्करी ठाण्यावरून नाव पडलेली 'रुरकी खुर्ची' सरस व खिळ्यांवाचून जुळते. वर कॅनव्हास, खाली सुटे होणारे पाय. डेन्मार्कच्या कोरे क्लिंटने १९३३ मध्ये याच धर्तीवर आपली 'सफारी खुर्ची' घडवली. लांब हातांची, वेताने विणलेली आरामखुर्ची हीदेखील वसाहतकाळातीलच. तिच्या हातांवर पाय टाकून साहेब व्हरांड्यात पहुडत.

७/ दुसरे घराणे मुंबईचे. एकोणिसाव्या शतकात तेथे काळ्या शिसवीवर दाट नक्षी कोरलेल्या खुर्च्या घडत. आकार युरोपीय दिवाणखान्याचा, वेलबुट्टी व कोरणारे हात मात्र हिंदी. शिसवी सागवानापेक्षा गडद व जड. खुर्ची उचलताच फरक कळतो.

८/ तिसरे घराणे व्हिएन्नाचे. मिखाएल थोनेटने बीच लाकूड वाफेवर वाकवून १८५९ मध्ये चौदा क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली. सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. एक घनमीटरच्या पेटीत अशा ३६ खुर्च्या सुट्या करून मावत, म्हणून ती जहाजाने जगभर गेली. १८६९ मध्ये पेटंटची मुदत सरल्यावर इतर कारखानेही तशाच खुर्च्या करू लागले. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतील वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच गोत्राच्या.

९/ अशा खुर्चीचे वय बैठकीखालच्या चिठ्ठीवरून किंवा डागलेल्या शिक्क्यावरून कळते. 'चेकोस्लोव्हाकिया' असे लिहिले असेल, तर ती १९१८ पूर्वीची असूच शकत नाही; कारण तो देशच त्या वर्षी जन्मला.

१०/ या तीन घराण्यांचे नमुने पाहून गावोगावच्या सुतारांनी सागवानात आपल्या खुर्च्या घडवल्या. नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याचे सागवान जवळच. अशा खुर्चीवर शिक्का नसतो. ती उलटी करावी : हातकरवतीच्या खुणा सरळ, यंत्राच्या गोल करवतीच्या कमानदार. सांध्यात खिळा आहे की लाकडी खुंटी? आणि मूळच्या वेताच्या जागी पुढे फळी ठोकली असेल, तर वेत ओवण्याची भोके अजून दिसतात.

११/ मावळातील करंजगावी १८९६ मध्ये जन्मलेले दिनकर केळकर चष्म्यांच्या दुकानाचे मालक व 'अज्ञातवासी' या नावाने लिहिणारे कवी. ते खेडोपाडी हिंडून दिवे, अडकित्ते, दरवाजे जमवीत राहिले. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभे केलेले पुण्यातील संग्रहालय त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. घरातली वापरातली वस्तू हाही इतिहासाचा पुरावा, हे त्यातून मराठी समाजाला उमगले.

१२/ पण संग्रहातही एक धोका आहे. वाडा पाडला जातो, भाऊबंद पांगतात, खुर्ची जुन्या बाजारात जाते. तेथे ती तासून पॉलिश केली, की चिठ्ठी, करवतीच्या खुणा, हातांवरची झीज सारे पुसले जाते. उरते ते केवळ सुंदर लाकूड.

१३/ म्हणून जाणता संग्राहक खुर्चीसोबत तिची हकीकतही मागतो. कोणत्या वाड्यातली? दिवाणखान्यातली की माजघरातली? घरातल्या जुन्या छायाचित्रात ती दिसते का? त्यात कोण बसले आहे, कोण मागे उभे? घरच्या स्त्रिया तिच्यावर कधीपासून बसू लागल्या? गडीमाणूस कधी बसला का?

१४/ अखेरच्या दोन प्रश्नांची उत्तरे लाकडात नसतात. ती घरातल्या सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीजवळ असतात, आणि वाड्याच्या आधी तीच नाहीशी होतात. ज्या घरात जुनी खुर्ची आहे, तेथे आजीला आजच विचारावे, उत्तर तारखेसह कागदावर लिहावे आणि तो कागद बैठकीखाली चिकटवावा.