जुन्या तबकड्या आणि त्यांच्या नव्या आवृत्त्या

थाळनेरचे नाव निघाले की शिरपूरकरांना फारुकी सुलतानांच्या कबरी आठवतात, नाही तर १८१८च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी फासावर चढवलेला किल्लेदार आठवतो. आज आम्हांला तापीकाठच्या ह्या गावाची आठवण निराळ्याच कारणाने करून द्यावयाची आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकर हे थाळनेरचे जावई. तेथील शेठ हरिदास लाड यांच्या थोरल्या कन्येशी त्यांचा पहिला विवाह झाला आणि तिच्या निधनानंतर धाकट्या कन्येशी दुसरा. ही धाकटी कन्या म्हणजेच पुढे माई मंगेशकर म्हणून ओळखल्या गेलेल्या लताबाईंच्या मातोश्री. तेव्हा दीनानाथांच्या गळ्याविषयी बोलताना शिरपूर तालुक्यात आपण परक्या माणसाविषयी बोलत नाही, घरातल्या माणसाविषयी बोलतो आहोत.

दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात निवर्तले. वयाची बेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. बलवंत संगीत मंडळीच्या रंगभूमीवर त्यांना जाणतेपणी ऐकलेला श्रोता आज सापडणे कठीण. आपल्याकडे टेपरेकॉर्डर आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे दीनानाथांचा गळा आपल्यापर्यंत पोहोचला तो तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांतून. त्या तबकड्याही आता कोणी वाजवत नाही. त्यांवरून पुढे मोठ्या एल.पी. निघाल्या, एल.पी.वरून कॅसेटी निघाल्या, मग सी.डी. आल्या, आणि आता तर खिशातल्या फोनमध्ये ते गाणे मावते. प्रत्येक वेळी जाहिरात एकच होती : आवाज पूर्वीपेक्षा स्वच्छ. ह्या क्रियेला हल्ली रीमास्टर करणे म्हणतात. आमचा प्रश्न साधा आहे. आपण आज जे ऐकतो ते दीनानाथांचे गाणे आहे, की दीनानाथांच्या गाण्याची कोणीतरी केलेली दुरुस्ती?

हा प्रश्न गवयांचा वाटला तरी तो मूळचा इतिहासाचा आहे, आणि खानदेशाला तो नवा नाही. धुळ्यात ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी आयुष्यभर दुसरे काय केले? 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. जुने पत्र छापावयाचे तर ते कोणाच्या दप्तरातून आले, अस्सल की नक्कल, ह्या गोष्टी आधी पाहावयाच्या, आणि आपल्याला सोपे पडते म्हणून त्यातला शब्द बदलावयाचा नाही, हे वळण मराठी वाचकाला लागले ते अशा माणसांमुळे. जुन्या तबकडीचे पुनर्मुद्रण हेही पोथीच्या नव्या आवृत्तीसारखेच काम आहे. त्यातही पाठभेद असतात, फाटकी पाने असतात, आणि अतिउत्साही संपादकही असतात. फरक एवढाच की पोथीत घुसडलेला शब्द डोळ्यांना दिसतो. तबकडीत केलेला बदल कानाला गोड लागतो, म्हणून तो पकडला जात नाही.

मूळ वस्तू काय होती ते आधी पाहू. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास उतरला आणि त्याने गौहरजानसारख्या गायिकांचा आवाज तबकडीवर घेतला. त्या वेळी वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. गाणाराने पत्र्याच्या भोंग्यात तोंड घालून गावयाचे. भोंग्याच्या दुसऱ्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची चकती. आवाजाच्या जोरानेच सुई थरथरून मेणावर रेघ उमटवी. त्या मेणावर धातूचा मुलामा चढवून साचा काढीत आणि साच्यावरून तबकड्या छापीत. हे छापखाने आरंभी परदेशात होते. १९०८च्या सुमारास कलकत्त्यात कारखाना निघाला. भोंग्यातून फार खालचे आणि फार वरचे सूर जातच नसत. दर सेकंदास सुमारे दोनशे ते अडीच हजार कंपनांच्या दरम्यानचा आवाज काय तो उमटे. तबल्याचा घुमारा गेला, तंबोऱ्याची जवारी गेली, आणि 'स', 'श' ही अक्षरे अर्धीमुर्धी उरली. १९२५ साली पाश्चात्त्य देशांत विजेचे ध्वनिमुद्रण सुरू झाले व लवकरच ते इकडे आले. मग वरची मर्यादा पाच हजार कंपनांच्या आसपास गेली आणि गाणाऱ्याला ओरडण्याची गरज उरली नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांनी पहिल्या तबकड्या भोंग्याच्या काळात दिल्या आणि शेवटच्या विजेच्या काळात, १९३७ साली निधन होण्याच्या आधीच्या थोड्या वर्षांत. त्या दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्या तर दोन भिन्न गवई गात आहेत असे वाटते. वयाने गळ्यात फरक पडला हे खरे, परंतु निम्मा फरक यंत्राचा आहे, आणि तो वजा केल्याशिवाय खाँसाहेबांची गायकी कशी बदलत गेली ह्यावर कोणी सिद्धान्त मांडू नयेत. असे सिद्धान्त आम्ही पुष्कळ ऐकले आहेत.

आता त्या सुप्रसिद्ध खरखरीविषयी. तबकडी लाखेची. लाख बहुतेक आपल्याच छोटा नागपूरकडची. जगभरच्या तबकड्यांत ती गेली. परंतु नुसती लाख पोलादी सुईच्या दाबाखाली टिकत नाही, म्हणून तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळीत. ही पूड सुईला घासून झिजवी, म्हणजे खाचेऐवजी सुई झिजे. आणि म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी सुई लावा असे कंपनी बजावून सांगत असे. सुईच्या त्या छोट्या डब्या आपल्यापैकी अनेकांनी आजोबांच्या कपाटात पाहिल्या असतील. काटकसरी घरांत एकाच सुईवर दहा-दहा बाजू वाजत, आणि मग तिला आलेल्या धारेने खाच सोलून निघे. तेव्हा आज ऐकू येणाऱ्या खरखरीत दोन भाग असतात : एक दगडाच्या पुडीचा, तो जन्मापासूनचा, दुसरा आपल्या काटकसरीचा.

खरखर काढावयाची तर अडचण अशी की, तिचा मुक्काम वरच्या कंपनांत असतो आणि गळ्याची धार, सारंगीचा गज, शाईवर पडलेल्या बोटाचा ठसा ह्यांचाही मुक्काम तेथेच. पहिल्या पिढीतल्या तंत्रज्ञांनी सरळ वरचा भाग छाटून टाकला. खरखर गेली आणि गाणाऱ्याच्या तोंडावर गोधडी टाकल्यासारखे झाले. अहमदजान थिरकवांसारखा तबलजी गंधर्व नाटक मंडळीत साथीला होता, आणि छाटलेल्या आवृत्तीत त्या साथीचे काय उरते? दूर कोठे तरी लाकूड ठोकल्याचा आवाज. संगणक आल्यावर काम सुधारले. तो एकेक टकटक हेरून तेवढाच क्षण दुरुस्त करतो, आणि निव्वळ खरखरीचा नमुना घेऊन ती सर्वत्र वजा करतो. पण हात सैल सुटला की स्वर विरताना पाण्याखालून बुडबुडे यावेत तसा आवाज येऊ लागतो. आमचे मत विचाराल तर थोडी खरखर राहू द्यावी. पहिल्या अर्ध्या मिनिटात कान तिला विसरतो. गोधडीला मात्र तो शेवटपर्यंत विसरत नाही.

खरखरीपेक्षा मोठा दोष वेगाचा, आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. ह्या तबकड्यांना आपण अठ्ठ्याहत्तरच्या म्हणतो, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे. परंतु आरंभीच्या काळात हा आकडा पक्का नव्हता. कोणी सत्तरच्या थोडा वर, तर कोणी ऐंशीपर्यंत वेग ठेवी. समजा, एखादे गाणे साडेत्र्याहत्तरच्या वेगाने मुद्रित झाले आणि नव्या आवृत्तीसाठी ते ७८ने वाजविले. मग सबंध गाणे जवळजवळ अर्ध्या सुराने चढते. काळी एकचा गवई पांढरी दोनचा होतो. तीन मिनिटे चोवीस सेकंदांचे पद सव्वातीन मिनिटांच्याही आत संपते. लय वाढते, तान अधिक चपळ होते, आणि गळा कोवळा व बारीक होतो. ज्याची कीर्तीच तेजस्वी, उंच आणि वीजेसारख्या तानेविषयी आहे अशा दीनानाथांच्या बाबतीत ह्याचा अर्थ काय होतो हे लक्षात घ्या. जी चपळाई त्यांची होती ती त्यांना मिळालीच पाहिजे. पण जी यंत्राची आहे ती त्यांच्या नावावर चढवणे हा त्यांचा गौरव नव्हे. शिवाय आजचा शिकाऊ गायक ती आवृत्ती ऐकून त्याच पट्टीत, त्याच वेगाने गळा ताणू लागतो.

खरा वेग ओळखावयाचा कसा? साथीची पेटी किंवा ऑर्गन येथे उपयोगी पडते. पेटीचे सूर बांधलेले असतात. गाण्याचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध पडू लागला तर वेगाविषयी संशय घ्यावा. जुन्या पेट्या सगळ्या एकाच मापाच्या नसत, म्हणून एवढ्यावर निकाल देता येत नाही. तथापि एकाच दिवशी, त्याच साथीत मुद्रित झालेल्या दोन-चार बाजू ताडून पाहिल्या की उत्तर जवळ येते. त्या कोणत्या हे तबकडीच्या मधल्या गुळगुळीत भागावर कोरलेल्या क्रमांकावरून कळते. अशा क्रमांकांच्या याद्या करण्यात आयुष्य घालवणारे लोक आपल्याकडे आहेत. १९९०पासून मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था हेच काम करीत आली. संग्राहक म्हटला की लोक त्याला छांदिष्ट समजतात. परंतु पुष्कळदा कंपनीचे मूळ साचे नष्ट झालेले असतात आणि अशा छांदिष्टाच्या घरची प्रत हीच शेवटची अस्सल प्रत ठरते.

ह्याहून वेगळा एक रोग आहे, तो स्वच्छतेचा नव्हे, सजावटीचा. एल.पी.च्या काळात एका कर्ण्याच्या मुद्रणाला खोटे दोन कर्ण्यांचे रूप देण्याची टूम निघाली. खालचे सूर एका बाजूला आणि वरचे दुसऱ्या बाजूला. नंतर कॅसेटच्या दिवसांत झंकार बीट्सच्या नावाने जुन्या चित्रपटगीतांवर नवे ढोल बसविले गेले. खानदेशातल्या एस.टी. स्टँडावरच्या हॉटेलांत कित्येकांनी ती गाणी प्रथम त्याच रूपात ऐकली, आणि आता मूळ गाणे ऐकविले तर त्यांना ते रिकामे वाटते! परदेशातही हे घडलेच. इंग्लंडातील बीटल्स ह्या गिटारवाल्या चौघांच्या सबंध गाण्यांच्या रीमास्टर केलेल्या आवृत्त्या ९ सप्टेंबर २००९ रोजी निघाल्या. तोपर्यंत सी.डी.च्या बाजारात मोठेपणाची स्पर्धा लागली होती. गाण्यातला हळू भाग ओढून मोठ्या भागाच्या बरोबरीला आणावयाचा, म्हणजे पहिल्या क्षणी ते दुसऱ्याच्या गाण्यापेक्षा जोरकस वाटते. बीटल्सच्या संपादकांनी दोन संच काढले. दोन कर्ण्यांच्या संचात हा उपाय अगदी बेताने वापरला, एका कर्ण्याच्या संचात मुळीच वापरला नाही, आणि काय केले ते जाहीर सांगितले. त्या संगीताचे आम्ही भक्त नाही. पण हे सांगणे आम्हांला महत्त्वाचे वाटते. आपल्या नाट्यगीताला तर ती जोराची स्पर्धा मारकच. आलापाचा शेवट विरत जाण्यात अर्धी गंमत असते. तोच उचलून तानेइतका मोठा केला तर गवयाने केले काय?

सुधारणा सगळी वाईटच असते असे मात्र कोणी समजू नये. ज्या गैसबर्गने १९०२च्या अखेरीस गौहरजानला मुद्रित केले त्यानेच त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिलानला कारुसो ह्या इटालियन गवयाचा आवाज घेतला होता. १९७६ साली अमेरिकेत टॉमस स्टॉकहॅम ह्या शास्त्रज्ञाच्या पद्धतीने कारुसोच्या भोंग्याच्या काळातील तबकड्या संगणकातून काढल्या. भोंगा काही सूर उगाच फुगवतो आणि काही दाबतो. तो हिशेब मांडून उलट वजाबाकी केली. हे अस्सल संशोधन होते. त्यानंतरच्या वर्षी आपल्या गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून आकाशात गेली. दुसरे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. स्वतःचे गाणे मुद्रित करू देण्याच्या बाबतीत त्या फार चोखंदळ होत्या, तरी त्यांचाच आवाज सर्वांत दूर गेला! त्या तबकडीची पृथ्वीवरच्या लोकांसाठी आवृत्ती २०१७ साली निघाली. संपादकांनी जुन्या एखाद्या नकलेवर भागवले नाही. मूळ टेपा शोधून काढून त्यांवरून काम केले.

तबकडीवरचा कागदही पुरावाच असतो. 'महल' चित्रपटाच्या १९४९च्या पहिल्या तबकड्यांवर गायिकेचे नाव लता मंगेशकर असे नव्हते; चित्रपटातील पात्राचे नाव, कामिनी, छापले होते. नंतरच्या आवृत्तीत ते नाव दुरुस्त झाले. ही दुरुस्ती न्यायाचीच. पण पहिल्या कागदाशिवाय पार्श्वगायिकेला त्या काळी काय स्थान होते हे कळले नसते.

शिरपूर, चोपडा, अमळनेर, धुळे येथील जुन्या वाड्यांत अजून तबकड्यांच्या पेट्या असणार. त्या भंगारात देऊ नयेत. आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. पोलादी सुईच्या फोनोवर आता एकदाही वाजवू नयेत. रुंद टोकाची सुई लावलेल्या हलक्या हाताच्या यंत्रावर जाणकाराकडून वाजवून घ्याव्यात. रुंद सुई खाचेच्या न झिजलेल्या भागावर टेकते, म्हणून पुष्कळदा घासलेली तबकडीही बोलते. प्रथम उतरवून घ्यावयाचे ते जसेच्या तसे, खरखरीसकट, आणि ती प्रत जपून ठेवावयाची. साफसफाई करावयाची ती तिच्या नकलेवर. बाजूचा क्रमांक आणि वाजविल्याचा वेग लिहून ठेवावा. धूळ मऊ फडक्याने पुसावी. स्पिरिट मात्र चुकूनही लावू नये. त्यात लाख विरघळते.