एलेव्हेशन, अंतर्गत (स्वयंपाकघर व न्हाणीघर)

खोलीतली एकेक भिंत समोरून, सपाट दाखवणारे मोजमापी रेखाचित्र. प्रमाण बहुधा १:२०. प्लॅनमधून लांबी-रुंदी कळते, उंची इथे.

ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर अरुंद आणि भिंतीवर गर्दी फार: महानगर गॅसची पाइप, चिमणीचे भोक, प्युरिफायरचा नळ, मिक्सरचा प्लग. ओटा साधारण ८०० ते ८५० मिमी उंच, वरची कपाटे त्याच्या ६०० मिमी वर. मधल्या डॅडोत ३०० × ६०० मिमीची टाइल उभी लावली तर न कापता बसते. ओटा खिडकीच्या चौकटीवर चढतोय, हेही कागदावरच दिसते. एरवी ते ग्रॅनाइट आल्यावर कळते!

न्हाणीघरात मापे तयार फरशीपासून धरावी लागतात, स्लॅबपासून नव्हे. शॉवर २१०० मिमीच्या आसपास, डायव्हर्टर साधारण त्याच्या निम्म्यावर. त्याच टाइलच्या आडव्या सात ओळी, सांधे सोडता, २१०० मिमी भरतात, म्हणजे दाराइतक्या. नळाचे टोक शक्यतो टाइलच्या मध्यावर किंवा सांध्यावर घेतात.

महापालिकेच्या मंजूर नकाशात ही चित्रे सहसा नसतात. छोट्या कामात प्लंबर भिंतीवर पेन्सिलने खुणा करतो आणि तेवढ्यावर झिरी मारतो.