रुमाल, बस्ता आणि टेबल

खातीपुऱ्यात पोस्टिंग येऊन आता आठ महिने होतील. राजस्थानात खाती म्हणजे सुतार. नाव सुतारांचं असलं तरी आमच्या ऑफिसातलं माझं टेबल लोखंडी आहे, सरकारी करड्या रंगाचं. वर काच, काचेखाली टेलिफोन नंबरांची यादी, उजवीकडे तीन ट्रे. फौजेत नीटनेटकेपणा म्हटला की लोकांना इन्स्पेक्शन आठवतं. साहेब येणार म्हटलं की झाडांना गेरू-चुना आणि क्लार्कच्या टेबलावरचा सगळा ढीग कपाटात. साहेब गेले की ढीग परत टेबलावर. मला ह्याला नीटनेटकेपणा म्हणवत नाही. हवा तो कागद हव्या त्या वेळी हातात आला तर टेबल नीट, नाहीतर नुसतं रिकामं.

ही विद्या आपल्या मराठी माणसांकडे टेबलाच्या आधीपासून आहे, म्हणून आज तिच्याबद्दल लिहितो.

पेशव्यांच्या काळातल्या कारकुनाला टेबल नव्हतं. तो बैठकीवर मांडी घालून बसे, गुडघा हेच त्याचं मेज. बोरू, कलमदान, ओली शाई टिपायला बारीक वाळू, आणि जवळ रुमाल. हा रुमाल खिशातला नव्हे. कागदांचा गठ्ठा ज्या चौकोनी कापडात बांधतात तो रुमाल, आणि पुढे गठ्ठ्यालाच रुमाल म्हणू लागले. मोडी लिहिताना आधी डावीकडून उजवीकडे ओळ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं चालवायची. म्हणजे पान भरण्याआधीच पानाची शिस्त ठरलेली. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. कुठला बोरू, कुठला चाकू, शाई कशी, समास किती सोडायचा, सगळं त्यात येतं. रामदासांना हे सांगावंसं वाटलं, हे मला फार मोठं वाटतं. शिवाजी महाराजांनी करवून घेतलेल्या राज्यव्यवहारकोशातही लेखनवर्ग म्हणून वेगळा भाग आहे.

पण खरा पसारा पुण्याच्या हुजूर दप्तराचा. शनिवारवाड्याची पायाभरणी 1730 ची. जयपूर शहर वसलं 1727 साली. दोन्हीकडे एकाच सुमाराला कागद साठायला लागले असं समजा. हुजूर दप्तरात दोनशेच्या वर कारकून होते. दप्तराचे मोठे भाग दोन, चालते दप्तर आणि एकबेरीज दप्तर. चालते दप्तर फडणिसांच्या थेट हाताखाली. त्यातल्या फडावरून सनदा आणि हुकूम सुटत, बेहड्यात जिल्ह्यांचे हिशेब घासूनपुसून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधत. काम संपलेले कागद शेवटी एकबेरजेत जात. तिथे ते तारखेने लावायचे, त्यांचा वर्षाचा तर्जुमा करायचा, म्हणजे जमा, खर्च, शिल्लक, आणि मग खात्यावार खतावणी.

ह्या रचनेत सगळं शहाणपण आहे. हातातलं काम एका जागी, संपलेलं दुसऱ्या जागी, आणि दोन्हींच्या मध्ये कागद रेंगाळायला जागाच नाही. आमच्या तीन ट्रेमधला मधला ट्रे, तो पेंडिंगवाला, सगळ्या रोगांचं मूळ असतो असं माझं मत आहे. आमचे बडे बाबू शेखावाटीचे. ते म्हणतात, "मराठा साब, बीच वाला ट्रे नहीं, कुआँ है." खोटं नाही.

कागद लावायचा तर तारीख वाचता आली पाहिजे. पेशवाईतली तारीख म्हणजे वेगळीच कवायत. वर्ष सुहूर सनाचं, आकड्यांत नाही तर अरबी शब्दांत, आणि तेही एककापासून उलटं. इहिदे सबैन मया व अलफ, म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, 1171. त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, कारण हे वर्ष जूनमध्ये मृगाला सुरू होतं. आलं 1770-71. त्या कारकुनाला हे बोटांवर होतं. मला पहिल्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं.

नाना फडणवीस 1800 च्या मार्चमध्ये गेले. त्यांच्यापर्यंत दप्तराची घडी नीट होती. 1817 च्या नोव्हेंबरात पुणं इंग्रजांच्या हाती गेलं. मग एल्फिन्स्टनच्या हाताखालच्या मॅक्लिऑडने दप्तराची पाहणी केली, तेव्हा फरक त्याच्या लगेच लक्षात आला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात नोंदी ढिल्या पडल्या होत्या आणि दप्तरात बाहेरच्यांना हात घालायची मोकळीक होती. कारण आळस एवढंच नाही. बाजीरावाने परगणे मक्त्याने द्यायला सुरुवात केली. मक्तेदाराने ठरलेली रक्कम भरली की विषय संपला, मग गावागावाचा बारीक हिशेब मागतो कोण? आणि ज्या कागदाला कुणी विचारत नाही तो कागद कुणी नीट ठेवत नाही. हे मी आमच्याकडेही पाहिलं आहे. ज्या रजिस्टरवर सहीच होत नाही, ते सहा महिन्यांत चहाच्या कपाखाली सापडतं.

त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी भरली. 1852 साली कायदा करून इंग्रजांनी इनाम कमिशनला दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखात पूर्ण अधिकार दिले. जमीन इनाम आहे म्हणता? दाखवा सनद, आणि ती आम्ही दप्तराशी ताडून बघतो. कागद जुळला तर जमीन राहिली, नाही जुळला तर सारा लागला. पणजोबाने तलवार गाजवली होती की नाही, हे रुमालावर ठरलं. 1857 च्या आधी दक्षिणेत जो राग साठला, त्यात हा रागही होता.

फौजेत ह्याचा जुळा भाऊ आहे, पार्ट टू ऑर्डर. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, तर ते पार्ट टू ऑर्डरने रेकॉर्डवर चढावं लागतं. जवानाने अर्ज दिला आणि तो कुणाच्यातरी मधल्या ट्रेमध्ये राहिला, तर जिवंतपणी काहीच बिघडत नाही. बिघडतं ते नंतर. माझ्या ओळखीतल्या एका वहिनींचं फॅमिली पेन्शन असंच वर्षभर अडकलं होतं, कारण रेकॉर्डवर त्यांचं नावच नव्हतं. त्या वर्षभर दर महिन्याला एसटीने यायच्या, हातात लग्नपत्रिका घेऊन. पत्रिका हा काही पुरावा नव्हे, पण त्यांच्याकडे तीच होती.

पेशवे दप्तरासाठी 1891 साली पुण्यात स्वतंत्र इमारत झाली. अभ्यासकांना मात्र तिचं दार फार काळ बंदच होतं. पुढे जदुनाथ सरकारांनी जोर लावला आणि रियासतकार सरदेसाईंच्या हाती काम आलं. तेव्हा सुमारे 35 हजार रुमाल होते, त्यातले 27 हजारांवर मराठी. सरदेसाई तेव्हा पासष्टीला आलेले. 1930 ते 1934 ह्या काळात त्यांनी निवडक कागदांचे 45 भाग छापून काढले.

जयपूरवाले ह्यात मागे नाहीत. परगण्याच्या वार्षिक हिशेबाचे अडसट्टे, दरबारात कुणाला कुठली पोशाख-नजर मिळाली त्याचं जातवार दस्तूर कौमवार, हे सगळं आज बिकानेरच्या राज्य अभिलेखागारात आहे. राजवाड्यातल्या कपडद्वारा संग्रहात कागदांबरोबर नकाशेही आहेत. इथे गठ्ठ्याला रुमाल नाही, बस्ता म्हणतात. आणि गंमत बघा, इथली पोरं पाठीवर बस्ता घेऊन शाळेत जातात, आपली पोरं दप्तर घेऊन. दोन्हीकडे राज्याच्या कागदांचं गाठोडं शेवटी पोरांच्याच पाठीवर आलं. परवा बडे बाबूंना हे सांगितलं तर ते हसले आणि लोखंडी कपाटावरून लाल कापडात बांधलेला एक जुना गठ्ठा काढून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "लो, बस्ता आ गया. साल के हिसाब से लगा दो."

तीन दिवस झाले, लावतो आहे.