तिसऱ्या बॅकची कुळकथा

फुटबॉलमधला ‘तिसरा बॅक’ नियमबदलातून जन्मला. १९२५ पर्यंत, पुढे पास घेणाऱ्या खेळाडूसमोर प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू नसतील तर तो ऑफसाइड ठरे. न्यूकॅसलचा बॅक बिल मॅक्रॅकन ऐन वेळी पुढे सरके आणि अख्खी चढाई ऑफसाइडमध्ये अडके. गोल आटले, तेव्हा १९२५ च्या उन्हाळ्यात तीनाचे दोन करण्यात आले. इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमधले गोल एका हंगामात १,१९२ वरून १,७०३ वर गेले.

तोवर मागे दोनच बॅक असत. सेंटर-हाफ मैदानाच्या मध्यावरून बचावही करी आणि चढाईही रचे. नव्या नियमाने दोन बॅकमधली मोकळी जागा उघडी पडली.

हडर्सफील्डहून नुकतेच आलेले हर्बर्ट चॅपमन तेव्हा आर्सेनलचे मॅनेजर होते. ३ ऑक्टोबर १९२५ रोजी न्यूकॅसलने आर्सेनलचा ७-० असा धुव्वा उडवला. सेंटर-हाफला मागे, दोन बॅकच्या मध्ये घ्या, असा धोशा आर्सेनलचाच खेळाडू चार्ली बुकनने आधीपासून लावला होता. त्या दिवशी न्यूकॅसलचा सेंटर-हाफही मागेच राहिला होता. त्यामुळे कल्पनेचं श्रेय एकट्या चॅपमन यांना देता येत नाही. ती संघाच्या अंगवळणी पाडण्याचं श्रेय मात्र त्यांचंच.

आर्सेनलचा सेंटर-हाफ जॅक बटलर मागे आला, पण मधली फळी रिकामी झाली. तिथे उतरायला बुकन तयार होता. चॅपमन यांनी नकार दिला, कारण त्यांना त्याचे गोल हवे होते. मग राखीव खेळाडूंमधला अँडी नील निवडला गेला. दोनच दिवसांनी वेस्ट हॅमवर ४-० असा विजय मिळाला.

खरं काम पुढेच होतं. एक माणूस मागे गेला की सगळ्यांच्या जागा बदलतात: फुलबॅकनी विंगरला धरायचं, विंग-हाफनी आत येऊन इनसाइड फॉरवर्डवर नजर ठेवायची. जुन्या सवयी मोडायला वर्षं लागली. चॅपमन दर आठवड्याला खेळाडूंची बैठक घेत आणि त्यांना बोलतं करत. जागेवरून न हलणारा सेंटर-हाफ हर्बी रॉबर्ट्स १९२६ मध्ये, तर मागून चेंडू घेऊन पुढे पोचवणारा अ‍ॅलेक्स जेम्स १९२९ मध्ये आला. १९३० मध्ये एफए कप आणि १९३१ मध्ये लीगचं विजेतेपद मिळालं. पुढे आणि मागे पाच-पाच जणांच्या या मांडणीला ‘डब्ल्यू-एम’ नाव पडलं.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर ‘डब्ल्यू-एम’ने खेळणाऱ्या इंग्लंडविरुद्ध हंगेरीचा सेंटर-फॉरवर्ड हिदेगकुटी मुद्दाम मागे राहून खेळला. त्याच्यामागे जावं तर गोलसमोर भगदाड, न जावं तर तो मोकळा, अशा कात्रीत इंग्लंडचा सेंटर-हाफ, म्हणजेच तिसरा बॅक, हॅरी जॉन्स्टन सापडला. हंगेरी ६-३ ने जिंकली आणि त्यानंतर ‘डब्ल्यू-एम’ मागे पडत गेली.