मेंदूतील रसायनांची मोजणी : एका आकड्याचा इतिहास

शासकीय सेवेत असताना जमिनीच्या मोजणीची अनेक प्रकरणे माझ्यासमोर आली. त्या कामाने एक धडा दिला : आकडा किती आहे हे पाहण्यापूर्वी तो नेमका कशाचा आहे, हे विचारावे. निवृत्तीनंतर माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना कंपवाताने गाठले. मेंदूतील डोपामाइन कमी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा ते मला म्हणाले, "अहो, पण हे माझ्या डोक्यात कोणी मोजून पाहिले?" कोणीच पाहिले नव्हते. कंपवाताचे निदान प्रामुख्याने लक्षणांवरून होते. परंतु त्यांचा प्रश्न मनात राहिला आणि त्याचा माग काढताना जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास हाती आला. तोच येथे थोडक्यात मांडतो.

१९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन हे औषध दिले. आपल्याकडील सर्पगंधेच्या मुळीतून वेगळे काढलेले हेच ते द्रव्य. ससे निश्चेष्ट झाले. त्यांना लेव्होडोपा टोचताच पुन्हा हालचाल करू लागले. पुढे १९६० साली व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच आणि एरिंगर यांनी मृत कंपवातरुग्णांचे मेंदू तपासले. मेंदूत खोलवर असलेल्या स्ट्रायेटम या भागात डोपामाइन अत्यंत कमी आढळले. कंपवातावरील लेव्होडोपा उपचाराचा पाया या कामाने घातला. मात्र ही मोजणी मृत्यूनंतरची होती. जिवंत मेंदूत हे रसायन क्षणाक्षणाला कसे वाढते व घटते, हे त्यातून कळणे शक्य नव्हते.

त्यासाठी लागणारी युक्ती वैद्यकाबाहेर, रसायनशास्त्रात आधीच जन्मली होती. १९२२ साली प्राग येथे यारोस्लाव हेरोव्हस्की यांनी पाऱ्याच्या गळत्या थेंबाचा विद्युदग्र म्हणून उपयोग केला. द्रावणावरील विद्युत्-दाब हळूहळू बदलत गेल्यास विशिष्ट दाबाला विशिष्ट पदार्थ इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो. तेव्हा वाहणाऱ्या प्रवाहावरून पदार्थ कोणता व किती, हे ओळखता येते. या पद्धतीसाठी त्यांना १९५९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोपामाइनही योग्य दाबाला दोन इलेक्ट्रॉन सोडते. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात राल्फ ॲडम्स यांनी पाऱ्याऐवजी कर्बाचे विद्युदग्र वापरले, आणि १९७३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उंदराच्या जिवंत मेंदूत ठेवून प्रवाह नोंदवला.

आणि येथेच माझ्या जुन्या धड्याची आठवण व्हावी असा प्रसंग घडला. आकडा मिळाला, पण तो कशाचा? आवळ्यात विपुल असणारे क जीवनसत्त्व मेंदूतही डोपामाइनच्या कित्येक पट असते, आणि साध्या कर्बाग्रावर ते जवळजवळ त्याच दाबाला इलेक्ट्रॉन सोडते. डोपामाइनचा वाटणारा तो प्रवाह बव्हंशी या जीवनसत्त्वाचा निघाला. पुढे फ्रान्समधील ल्यों येथे फ्रान्स्वा गोनाँ व सहकाऱ्यांनी कर्बतंतूवर विद्युत्-संस्कार करून हे दोन संकेत वेगळे केले. तरीही उरलेला संकेत डोपामाइनचा की त्याच्या विघटनातून होणाऱ्या दुसऱ्या द्रव्याचा, असा प्रश्न त्यांनी १९८० साली स्वतःच्याच निष्कर्षांना विचारला. उत्तर दुसऱ्या द्रव्याच्या बाजूने गेले. आपल्या आकड्यावर आपणच शंका घेण्याचे हे धैर्य मला त्या शोधाइतकेच मोलाचे वाटते.

पुढची वाट लंडनचे ज्यूलियन मिलर आणि अमेरिकेतील मार्क वाइटमन यांनी प्रशस्त केली. केसाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतक्या जाडीचा कर्बतंतू घ्यायचा आणि त्यावरील दाब सेकंदाला शेकडो व्होल्ट इतक्या वेगाने वर नेऊन खाली आणायचा. एक फेरी सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात पुरी होते; अशा सेकंदाला दहा फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत उमटणाऱ्या वक्राचा आकार त्या पदार्थाच्या हस्ताक्षरासारखा असतो, म्हणून ओळख पूर्वीपेक्षा पक्की झाली.

पण केवळ मोजणीसाठी माणसाची कवटी कोण उघडील? ती संधी एका उपचाराने दिली. १९८७ साली फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे आलिम-लुई बेनाबिद यांनी मेंदूत खोलवर विद्युदग्र ठेवून सततच्या उत्तेजनाने कंप थांबवून दाखवला. या शस्त्रक्रियेत रुग्णाला बहुधा जागे ठेवतात. मेंदूच्या ऊतींना स्वतःची वेदना नसते. अशाच शस्त्रक्रियेच्या वेळी केनेथ किशिदा, पॉल फिलिप्स, रीड माँटेग्यू आदी संशोधकांनी एका कंपवातरुग्णाच्या संमतीने कर्बतंतू वापरून क्षणोक्षणीचे डोपामाइन नोंदवले. तो वृत्तान्त २०११ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण त्या वेळी शेअरबाजाराच्या धर्तीचा एक खेळ खेळत होता.

२०१६ साली सतरा रुग्णांवरील नोंदी आल्या. डोपामाइन म्हणजे केवळ सुखाचे रसायन, या लोकप्रिय समजुतीला त्यांनी छेद दिला. पैज मोठी असताना अपेक्षेहून अधिक लाभ झाला, तर डोपामाइन वाढे. पण पैज लहान लावली आणि बाजार चढला, तर लाभ होऊनही ते घटे. 'अधिक लावले असते तर' ही हुरहूर जणू त्या आकड्यात मिसळलेली होती. २०२० साली डोपामाइन आणि सेरोटोनिन यांची एकत्रित नोंदही मानवी मेंदूतून घेण्यात आली.

तरीही मोजणीचा प्रश्न मिटलेला नाही. ज्ञात द्रावणांवर शिकवलेले गणिती प्रतिमान मेंदूतील वक्र वाचून आकडा सांगते. म्हणजे तो थेट मापापेक्षा अनुमानाच्या जवळचा आहे, आणि प्रयोगशाळेतील पेला म्हणजे मेंदू नव्हे. शिवाय कंपवाताने डोपामाइन रोडावलेल्या मेंदूवरून निरोगी मेंदूविषयी किती सांगावे, यालाही मर्यादा आहे.

या इतिहासात शास्त्रज्ञांची नावे आहेत, रुग्णांची नाहीत. ती प्रसिद्ध होऊ नयेत हेच उचित. पण कवटीला छिद्र पाडलेले, समोर पडदा, हाताशी कळ, अशा अवस्थेत ज्या मोजणीतून स्वतःला काहीच लाभ नाही, तिच्यासाठी थोडा अधिक वेळ शस्त्रक्रियेच्या मेजावर पडून राहायला त्यांनी होकार दिला. माझ्या स्नेह्यांना हे सारे सांगितले, तेव्हा थरथरता हात दुसऱ्या हाताने धरून ते म्हणाले, "म्हणजे माझे नाही, पण कोणाचे तरी मोजले आहे." त्या अनाम सतरा जणांचे आणि त्यांच्या आधीच्या त्या एकाचे ऋण यापेक्षा नेमक्या शब्दांत मला सांगता येणार नाही.